डॉ. विल्यम केरी आणि अपमानाचे उत्तर

एका खेड्यातील तरुण उपदेशक बंधूंनी आम्हांस मध्यंतरी एक प्रश्न विचारला. इंग्रजी वाचीत असता त्यांस 'टेक द हाय रोड' असा एक वाक्प्रचार आढळला. शब्दकोशात पाहून त्यांनी त्याचा अर्थ 'उंच रस्ता धरणे' असा केला, आणि तो मनुष्य कोणता घाट चढून गेला हे काही त्यांच्या ध्यानात येईना. जुन्या इंग्रजीत 'हाय रोड' म्हणजे उंचावरील वाट नव्हे, तर सर्वांच्या रहदारीचा मोठा उघडा रस्ता, आपण ज्यास राजमार्ग म्हणतो तो. अलीकडच्या बोलण्यात मात्र त्यास निराळा अर्थ आला आहे. कोणी आपणांस टोचून बोलला असता त्याच्याच हलक्या भाषेत उलटून न बोलता, आपला आब राखून जो उत्तर देतो, किंवा जेथे उत्तराची गरज नाही तेथे गप्प राहतो, त्याने हा रस्ता धरला असे इंग्रज व अमेरिकन लोक म्हणतात.

यास मराठीत नेमका शब्द कोणता? हत्ती चालतो आणि कुत्री भुंकतात ही म्हण कोणी सुचवील, परंतु तीत समोरच्यास कुत्रे म्हटले जाते. मग आब कसला राहिला! 'अरेस कारे न करणे' हे बरेच जवळ येते. 'आपली पायरी न सोडणे' हे त्याहून जवळचे. मात्र या शब्दाने आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वडीलधाऱ्यांस चटके दिले आहेत. पायरीने राहा, असे चावडीवरून ज्यांस बजावले जाई त्यांस पायरी ठाऊक आहे. तेव्हा शब्दावर अधिक न थांबता, ज्यांच्या चरित्रात त्याचा अर्थ दिसतो अशा एका पुरुषाची हकीकत आम्ही सांगतो. ते म्हणजे डॉ. विल्यम केरी. पवित्र शास्त्राचा नवा करार मराठीत प्रथम छापून निघाला तो यांच्याच खटपटीने, एवढे तरी आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल.

केरी यांचा जन्म ता. 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप एडमंड हे मागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्यास पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. चामडे, आरी, दाभण आणि मेणाचा दोरा यांत त्यांचे तारुण्य गेले. इंग्लंडात जातिभेद नव्हता म्हणून तेथे या धंद्यास कोणी नावे ठेवीत नसे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. तेथेही चांगल्या घरचे लोक जोडे शिवणाऱ्याबरोबर जेवावयास बसत नसत. आणि नवे जोडे शिवणारा व जुने फाटके जोडे सांधणारा या दोघांतही ते लोक अंतर करीत. पहिला कारागीर, दुसरा अगदी खालचा. हे अंतर लक्षात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडेल.

दुकानात त्यांच्याबरोबर जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. त्याच्या संगतीने केरी यांस ख्रिस्ताची ओळख पटली, आणि ता. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नेन नदीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मोल्टन गावी ते मंडळीचे पाळक झाले, परंतु पाळकपणावर पोट भरेना, म्हणून शाळा चालवीत आणि जोडेही शिवीत. समोर भिंतीवर हाताने काढलेला जगाचा नकाशा लावलेला असे, आणि जोड्याजवळच लॅटिन, ग्रीक किंवा इब्री भाषेचे पुस्तक पडलेले असे. पाळकांच्या एका सभेत त्यांनी इतर राष्ट्रांस शुभवर्तमान कळविण्याचा प्रश्न काढला असता एका वडील पाळकांनी त्यांस दटावून खाली बसविले, असे पुष्कळ चरित्रकार सांगतात. त्या वडिलांच्या मुलाने मात्र ही गोष्ट खरी नव्हे असे म्हटले आहे. खाली बसविले असो वा नसो, 1792 साली केरी यांनी आपले म्हणणे पुस्तकरूपाने छापिले, आणि त्याच वर्षी ता. 2 ऑक्टोबरास केटरिंग येथे मिशनची स्थापना झाली. त्या बैठकीत तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकी वर्गणी भरली.

त्यांच्या पत्नी डॉरोथी यांचे लग्न झाले तेव्हा त्यांस सही करता येत नव्हती. हिंदुस्थानास येण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. निघण्याच्या ऐन वेळी आग्रहामुळे त्या कबूल झाल्या, आणि चार मुले घेऊन, त्यांतील एक तर अंगावर पिणारे, जहाजावर चढल्या. ता. 11 नोव्हेंबर 1793 रोजी हे कुटुंब कलकत्त्यास पोहोचले. पुढील वर्षी मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर केरी यांस नोकरी मिळाली. तेथे पाच वर्षांचा पीटर आमांशाने वारला. प्रेतास हात लावल्यास जात जाईल या भयाने कबर खणण्यास कोणी येईना. शेवटी चार मुसलमान कसेबसे तयार झाले, आणि त्यांसही गावच्या मुख्याने वाळीत टाकण्याचा धाक घातला. आईबापांनीच मुलाचे प्रेत वाहून न्यावे अशी पाळी येऊन ठेपली होती. ज्यांनी आपल्या गावी असे प्रसंग पाहिले आहेत त्यांस आम्ही अधिक काय सांगावे?

त्यानंतर डॉरोथीबाईंचे चित्त जे भ्रमले ते पुन्हा ताळ्यावर आले नाही. आपला नवरा व्यभिचारी आहे असा त्यांचा ग्रह झाला होता, आणि तो आरोप त्या चारचौघांसमक्ष मोठ्याने करीत. एकदोन वेळा त्यांनी नवऱ्याच्या जिवावरही हात टाकिला. केरी यांनी त्यांस बारा वर्षे घरीच ठेविले, आणि शेजारच्या खोलीत आरडाओरड चालू असता पंडितांस घेऊन भाषांतर केले. हे धैर्य मोठे होय. तथापि येथे आमचेही एक मत आम्ही लपवीत नाही. ज्या बाईस परदेशी यावयाचे नव्हते, तिला आणून तिच्या दुःखावर पतीने शांतपणा राखिला, यात पतीची थोरवी गाताना त्या बाईचा विसर पडू नये. पुष्कळ चरित्रांतून त्या केवळ अडचण म्हणून येतात. त्या 8 डिसेंबर 1807 रोजी वारल्या, आणि मिशनच्या कामाची किंमत त्यांनीही भरली.

कंपनी सरकारास आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. म्हणून 1800 सालच्या जानेवारीत केरी हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर येथे राहावयास गेले. हे श्रीरामपूर बंगालचे, आपल्या महाराष्ट्रातील नव्हे. ते त्या वेळी डेन्मार्कच्या राजाचे होते. तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे त्यांचे सोबती झाले. त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनचे वैद्य जॉन थॉमस यांनी तो बसविला, आणि त्या ओळखीतून कृष्ण पाल ख्रिस्ताकडे वळला. मिशनऱ्यांच्या पंक्तीस तो जेवला हे कळताच सुमारे दोन हजारांचा जमाव त्याच्या दारी गोळा झाला, आणि त्यास ओढीत न्यायाधीशापुढे नेले. न्यायाधीशाने त्यास सोडून दिले. ता. 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल व केरी यांचा वडील मुलगा फेलिक्स यांचा हुगळीत एकत्र बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी एका खोलीत केरी यांची पत्नी भ्रमाने ओरडत होती, दुसरीकडे थॉमस यांचेही मस्तक फिरले होते, आणि घाटावर बंगाली गीत चालले होते. सात वर्षांच्या श्रमाचे पहिले फळ देवाने अशा दिवशी दिले!

1803 साली कृष्ण प्रसाद नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाने या सुताराच्या मुलीशी लग्न केले, आणि मिशनरी लोक सुताराच्या घरी झाडाखाली लग्नाच्या पंक्तीस बसले. पूर्वीच्या जातीची पंगत आजही ज्या मंडळीत निराळी मांडली जाते, त्या मंडळीच्या पंचांनी हा प्रसंग एकदा वाचून दाखवावा.

1801 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी यांस बंगाली शिकविण्याचे काम मिळाले. पुढे संस्कृत व मराठीही त्यांजकडे आली. 1805 साली त्यांनी मराठीचे व्याकरण व 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापिला. 1811 साली मराठी नवा करार निघाला. या सर्व कामी नागपूरकडील पंडित वैजनाथ हे त्यांचे साहाय्यक होते. दर महा हजार रुपये पगार झाला तरी संसारापुरते थोडेसे ठेवून बाकी सर्व ते मिशनच्या खात्यात भरीत.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले त्याकडे वळू. केरी यांचे नाव झाले तसे टीकाकारही झाले. 1806 साली वेल्लोर येथे शिपायांचे बंड झाले. त्याचे खापर विलायतेत काही लोकांनी मिशनऱ्यांवर फोडिले. 1808 व 1809 साली सिडनी स्मिथ या नावाजलेल्या लेखकाने, आणि तोही पाळक, एडिंबरो येथील एका मोठ्या त्रैमासिकात या मिशनऱ्यांच्या जोडे सांधण्याच्या धंद्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा केली. इंग्लंडातील सुशिक्षित लोक ती वाचून हसले. मिशनवरील आक्षेपांस मिशनचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी पुस्तक लिहून सविस्तर उत्तर दिले. केरी आपल्या कोशाचे काम करीत राहिले.

पुढे एकदा श्रीरामपुराच्या समोर, नदीपलीकडे बराकपूर येथे गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्याकडे मेजवानी होती. केरी यांसही निमंत्रण होते. तेथे एका सेनापतीने गव्हर्नरांच्या हुजऱ्या अधिकाऱ्यास विचारले की, हे डॉक्टर केरी पूर्वी जोडे शिवीत असत ना? प्रश्न हळूच विचारल्याचा आव होता, पण आवाज असा की तो सर्वांस ऐकू जावा. केरी पुढे आले आणि त्यांनी त्या साहेबांची चूक दुरुस्त केली. आपण जोडे शिवणारे नव्हतो. फक्त जुने जोडे सांधणारे होतो, असे त्यांनी सांगितले.

या उत्तरात काय आहे ते आमच्या खेड्यांतील बंधूंनी नीट पाहावे. केरी यांस उलट टोमणा मारता आला असता. अनेक भाषांचे ते पंडित; कंपनीचे तरुण अधिकारी त्यांच्यापाशी शिकलेले; त्या सेनापतीस दोन शब्दांत खजील करणे त्यांस कठीण नव्हते. ती गोष्ट लपविताही आली असती. पुष्कळ जण शहरात नोकरीस गेले म्हणजे आडनाव बदलतात, आणि घरची माणसे भेटीस आली तर त्यांस मागच्या दाराने घेतात. केरी यांनी यांपैकी काहीच केले नाही. समोरच्याने ज्या पायरीवर ढकलू पाहिले तिच्याहून एक पायरी खाली ते स्वतः होऊन उभे राहिले, आणि मग ढकलणाऱ्यास ढकलावयास काही उरले नाही. जोडे सांधणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे हेच मुळी त्यांस कबूल नव्हते. ज्याचा प्रभु सुताराच्या घरी वाढला त्यास ते कसे कबूल व्हावे? बाजाराच्या दिवशी दहा जणांत, तुझा बाप काय करीत होता, असे ज्यांस हसत हसत विचारले गेले आहे, त्यांस हे उत्तर देण्यास किती बळ लागते ते ठाऊक आहे. आम्हांसही ठाऊक आहे.

येथे त्या इंग्रजी वाक्प्रचाराच्या उपयोगाविषयी एक सूचना करणे जरूर आहे. तो स्वतःविषयी वापरू नये. मी मोठा रस्ता धरिला, असे जो म्हणतो तो त्याच क्षणी त्या रस्त्यावरून खाली उतरतो. तसेच जो भयाने गप्प बसला, त्यास हे शब्द लावू नयेत. आणि अन्याय दुसऱ्यावर होत असता आपण तोंड मिटून बसावे, असाही त्याचा अर्थ नव्हे. केरी यांनी 1799 साली एका विधवेस नवऱ्याच्या चितेवर जाळताना डोळ्यांनी पाहिले. तेथे ते शांत राहिले नाहीत. तेथल्या तेथे त्यांनी विरोध केला, आणि पुढे तीस वर्षे सरकारच्या पाठीस लागले. डिसेंबर 1829 मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी सती बंद करण्याचा कायदा केला व तो बंगालीत करण्यासाठी केरी यांजकडे पाठविला. तो रविवारी हाती पडला. उपदेशाचे काम दुसऱ्यास सांगून ते त्याच दिवशी भाषांतरास बसले, कारण एक दिवसाच्या उशिराने किती बायका जळतील कोण जाणे. स्वतःचा अपमान आणि दुसऱ्याचा जीव हे त्यांच्या तराजूत कधी एका पारड्यात पडले नाहीत.

आपत्तीही त्यांजवर पुष्कळ आल्या. ता. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून कागद, अनेक लिप्यांचे खिळे व कित्येक वर्षांचे हस्तलेख जळाले. नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरात गेले. केरी त्या दिवशी कलकत्त्यास होते. परत येऊन राख पाहिल्यावर त्यांनी नव्याने भाषांतरास आरंभ केला, आणि वितळलेल्या शिशाचे खिळे पुन्हा ओतले गेले.

परंतु आगीपेक्षा आपल्या माणसांचा घाव खोल जातो. 1815 साली फुलर वारले आणि विलायतेतील कमिटीत नवे लोक आले, ज्यांनी केरी यांस कधी पाहिलेही नव्हते. हिंदुस्थानात आलेले तरुण मिशनरी, त्यांत केरी यांचा पुतण्या युस्टेस हाही होता, श्रीरामपूरच्या वडील मंडळींशी न पटून कलकत्त्यास वेगळे झाले. वडिलांनी मिशनच्या पैशावर मालमत्ता केली आहे, अशी कुजबुज विलायतेपर्यंत गेली. ज्यांनी स्वतःच्या कमाईने ती घरे उभारिली त्यांजकडे हिशेब मागण्यात आला. 1827 साली श्रीरामपूर व मिशन सोसायटी यांचा संबंध तुटला. या काळच्या केरी यांच्या पत्रांतून दुःख स्पष्ट दिसते. ते काही दगड नव्हते. निंदेचा रोख बहुतेक मार्शमन यांजवर होता, आणि थोडेसे अंतर ठेविले असते तर केरी स्वतः सहज सुटले असते. ते अंतर त्यांनी ठेविले नाही. सोबत्याच्या बाजूने ते अखेरपर्यंत उभे राहिले, मात्र विरुद्ध पक्षाची उणीदुणी काढण्यात त्यांनी लेखणी झिजविली नाही. मंडळीत हिशेबावरून तट पडलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांस यातील कठीणपणा कळेल. त्या वेगळ्या झालेल्या तरुणांपैकी विल्यम येट्स यांनीच पुढे बंगाली शास्त्राचे नवे भाषांतर केले, आणि केरी यांचे भाषांतर मागे पडले. 1837 साली श्रीरामपूर व सोसायटी पुन्हा एक झाली, पण ते पाहावयास केरी नव्हते.

आपल्या मराठी भाषांतराचीही तीच गत झाली. श्रीरामपूरचे मराठी नागपूरकडचे. मुंबई व कोकणातील लोकांस ते नीटसे कळेना. 1813 साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर हाती घेतले, आणि त्यांचा नवा करार 1826 साली पुरा छापून झाला. आज केरी यांचे मराठी कोणी वाचीत नाही. त्यांस याचे वाईट वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही. स्वतःच्या बंगाली नव्या कराराच्या त्यांनी आपल्या हयातीत आठ आवृत्त्या काढिल्या व प्रत्येक वेळी तो दुरुस्त केला. आपले काम दुसऱ्याने पुन्हा सांधावयाचे आहे हे जुने जोडे सांधणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

1834 साली ते अंथरुणास खिळले. तरुण स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ भेटीस आले असता डॉ. केरी यांच्या कामाविषयी बराच वेळ बोलत राहिले. निघताना केरी यांनी त्यांस परत बोलावून सांगितले की, आपण गेल्यावर डॉ. केरींविषयी काही बोलू नये, केरींच्या तारणाऱ्याविषयी बोलावे. ता. 9 जून 1834 रोजी ते प्रभूमध्ये निजले. कबरेवर आपले नाव, जन्म-मृत्यूची साले आणि एका जुन्या इंग्रजी गीताच्या दोन ओळी याखेरीज काही कोरू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. श्रीरामपुरास तो दगड आहे. त्यावर भाषांतरांचा उल्लेख नाही, आणि कोणाविषयी तक्रारही नाही.